कोटावरचा कच्चा टाका ठेवू की पुसू? (सूझांच्या रूपातलं माझं स्व-छायाचित्र)

ओंवळ

नमस्कार मंडळी,

गेले पाच महिने एकाच फोटोच्या मागे आहे. फोटो माझा, काढलेलाही मीच. पण त्यात मला मी दिसायचं नव्हतं, आमच्या साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा व्हायचं होतं. फोटो झाला आहे. एका पांढऱ्या दोऱ्यापाशी मात्र अडले आहे, म्हणून हा धागा. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

सूझांचं १९५५ सालचं ‘मिस्टर सेबास्टियन’ नावाचं तैलचित्र आहे. संत सेबास्टियन म्हणजे बाणांनी विंधलेला संत. युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं त्याला उघड्या अंगाचा, देखणा, खांबाला बांधलेला तरुण असाच रंगवला. सूझांनी त्याला काळा कोट आणि टाय घातला, आणि बाण सरळ तोंडात नि मानेत खुपसले. हे चित्र म्हणजे सूझांचंच एक आत्मचित्र, असं बरेच जण मानतात. मलाही तसंच वाटतं.

हा संत आम्हा गोंयकारांना परका नाही. पणजीत फोंतेन्यशच्या टोकाला त्याचं कपेल, म्हणजे छोटं चर्च, आहे. आत जो ख्रिस्त आहे त्याचे डोळे उघडे आहेत. तो जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यातून आलेला. नोकरीच्या निमित्ताने मी त्या गल्लीतून रोज जाते. बाहेरचं ऊन आणि आतले ते उघडे डोळे, दोन्ही पाठ झालेत.

मी बार्देशातली. साळगावचं ते पांढरंशुभ्र, टोकदार कमानींचं १८७३ सालचं चर्च लहानपणापासून बघत आले. त्याच गावात १९२४ साली सूझा जन्मले हे कळायला मात्र अर्धं आयुष्य गेलं. वडील त्यांच्या जन्मानंतर लगेचच गेले. लहानपणी त्यांना देवी आल्या. पोर वाचलं तर गोंयच्या सायबाच्या सेवेला देईन, पाद्री करीन, असं आईनं सांत फ्रान्सिस शाव्हियेरला सांगितलं. पोर वाचलं, नावात फ्रान्सिस आलं, पाद्री काही झालं नाही. चेहऱ्यावर व्रण राहिले. आई मुंबईत लोकांचे कपडे शिवून घर चालवायची.

कपडे शिवून घर चालवणं. या ओळीपाशी मी थांबले, कारण माझी आई म्हापशाला तेच करते. चाळीस वर्षं मशीन चालवतेय.

तर आता फोटो कसा काढला ते. कोट शेजारच्या आंटीनं दिला. तिचा नवरा तारवटी होता, बोटीवर जन्म गेला त्याचा. हा त्याचा लग्नातला काळा लोकरी कोट, पेटीत डांबराच्या गोळ्यांत जपलेला. माझ्या अंगावर तो असा दिसला जणू खिळ्याला टांगलाय. आई म्हणाली, कापायचा नाही हं, दुसऱ्याची वस्तू आहे. तिनं खांदे आणि पाठ आत घेतली, पण कच्च्या टाक्यांनी. पांढरा दोरा, लांब लांब टाके. काम झालं की ओढून काढायचे आणि कोट जसाच्या तसा परत द्यायचा.

उजेडासाठी आंटीच्याच घरातली बैठकीची खोली घेतली. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आहेत तिथे. काच महाग होती त्या काळात आपल्याकडे लाकडी चौकटींत घासलेले शिंपले बसवत. त्यातून येणारं ऊन दुधासारखं होऊन येतं. उजेड मऊ करणारा विकतचा कुठलाच सॉफ्टबॉक्स त्याची बरोबरी करणार नाही. सकाळी साडेआठ ते सव्वानऊ, एवढाच वेळ उजेड गालावर हवा तसा तिरका पडायचा. तेवढ्या वेळासाठी सहा रविवार गेले.

फोकसचं काय केलं, कारण हा प्रश्न येणारच: खुर्चीच्या पाठीला बांबू बांधला, माझ्या डोक्याच्या उंचीवर नारळ बसवला, नारळाच्या शेंडीवर फोकस धरून लॉक केला, मग नारळ काढून मी बसले. लेन्सचं छिद्र एफ/८ वर ठेवलं, थोडं पुढंमागं झालं तरी चालावं म्हणून. रिमोट डाव्या मुठीत.

बाण माडाच्या हिरांचे. कोटाच्या कॉलरमध्ये खोचले, आणि तोंडावर रंगभूषेच्या मेणाने बसवले. देवीच्या व्रणांसाठी कोलोडियन वापरलं. नाटकवाल्यांना माहीत असेल, हे पातळ द्रव कातडीवर सुकताना कातडी आत ओढून घेतं, खड्डा पडल्यासारखं दिसतं. एकेक थेंब काडीने. तीन तास लागले. १८५१ पासून पुढची तीसेक वर्षं काचेवर फोटो निघायचे ते याच कोलोडियनच्या लेपावर, हे नंतर वाचलं आणि अंगावर काटा आला.

आता दुखणं. म्हापशातल्या एका लॅबमध्ये मोठी प्रिंट टाकली. घ्यायला गेले तर चेहरा लोण्यासारखा गुळगुळीत आणि दोन छटा उजळ. काउंटरवरचा मुलगा प्रेमानं म्हणाला, “ताई, स्किन क्लीन करून दिलीय, त्याचे वेगळे पैसे नाहीत.” माझी तीन तासांची मेहनत आणि सूझांचं बालपण एका बटणात गेलं. त्या मुलावर राग नाही. त्याला असंच शिकवलंय, आणि गिऱ्हाईकं हेच मागतात.

आणि मग नीट पाहिलं तर त्याच प्रिंटमध्ये डाव्या खांद्यावर तो पांढरा कच्चा टाका ढळढळीत दिसत होता. यंत्रानं व्रण पुसले आणि दोरा ठेवला.

आता प्रश्न. दोरा पुसणं दोन मिनिटांचं काम आहे. पुसू का? की राहू दे?

---

उजेडवेडा

राहू दे. अजिबात हात लावू नका.

थोडं सविस्तर लिहितो, कारण या प्रकारच्या कामाचा सगळा जीव तिथेच आहे असं माझं मत आहे. जपानच्या यासुमासा मोरिमुरांनी १९८५ साली पहिल्यांदा व्हॅन गॉग होऊन फोटो काढला. कान कापल्यानंतरचं १८८९ मधलं ते पट्टी बांधलेलं, पाइप ओढणारं आत्मचित्र आहे ना, ते. कपडे, टोपी, पार्श्वभूमी सगळं रंगानं उभं केलं, पण चेहरा ओसाकाच्या माणसाचा आहे हे लपत नाही. लपवायचंच नव्हतं त्यांना. युरोपची चित्रकला शाळेत ‘आपली’ म्हणून शिकलेल्या आशियाई मुलाचा त्या चित्रात नेमका काय हक्क, हा त्यांचा प्रश्न होता. २००१ मध्ये त्यांनी मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो हिच्यावर अख्खी मालिका केली.

ब्रिटनच्या जिलियन वेअरिंगचं काम बघा. ती सिलिकॉनचे मुखवटे करून घेते. आई, वडील, भाऊ झाली. मग आपल्या आवडत्या कलावंतांचं ‘कुटुंब’ केलं, त्यात डायन आर्बस, वॉरहॉल, मेपलथॉर्प. २०१२ मध्ये ती क्लोद काहून झाली, आणि हातात धरलाय स्वतःच्या चेहऱ्याचा मुखवटा! काहून (१८९४–१९५४) ही फ्रेंच कलावंत स्वतःच आयुष्यभर रूपं बदलून फोटो काढत आली होती, जोडीदार मार्सेल मूरच्या मदतीनं. पुढे जर्सी बेटावर नाझींच्या विरोधात चिठ्ठ्या वाटल्या म्हणून दोघींना १९४४ मध्ये मृत्युदंड सुनावला गेला. तो अमलात मात्र आला नाही, आणि पुढच्या वर्षी बेट मुक्त झालं. अशा बाईचा चेहरा वेअरिंग घालते आणि डोळ्यांच्या भोवती मुखवट्याची कड दिसू देते. खरे डोळे आतून बघतात. त्या कडेमुळेच तो फोटो हलतो.

अमेरिकेच्या सिंडी शर्मनच्या १९८८ ते ९० मधल्या ‘हिस्ट्री पोर्ट्रेट्स’मध्येही खोटं नाक, खोटी छाती कुठे चिकटवली ते स्पष्ट दिसतं. त्यातला २२४ क्रमांकाचा फोटो तुमच्या कामाच्या फार जवळचा आहे. इटलीचा चित्रकार काराव्हाज्जो, त्यानं तरुणपणी स्वतःला आजारी बॅकस, म्हणजे रोमन मद्यदेव, म्हणून रंगवलं. शर्मन होते तो बॅकस. म्हणजे देवाच्या सोंगातला चित्रकार, आणि त्या चित्रकाराच्या सोंगात एक बाई. तुमच्याकडेही तसंच आहे: संताच्या सोंगात सूझा, सूझांच्या सोंगात तुम्ही.

तो दोरा म्हणजे तुमच्या मुखवट्याची कड.

---

डिचोलीचा_पाऊस

+१. दोरा राहू दे. नारळाची युक्ती पळवतोय, विचारून.

---

माडाची_सावली

ओंवळ, मेहनत दिसते आणि तिच्याबद्दल आदर आहे. पण मनातलं बोलतो. पर्यटनाच्या मोसमात आपल्याकडे किनाऱ्यावरच्या कॅफेंत गेलात तर दहापैकी दोन मुली डोक्यात फुलं माळून, भुवया जोडून फ्रिडा झालेल्या दिसतात. त्यांना फ्रिडाचा मोडलेला कणा माहीत नसतो, बसचा अपघात माहीत नसतो. फुलं तेवढी माहीत. थोर कलाकाराचा वेष घालून उभं राहिलं की त्याच्या वेदनेचा थोडा उजेड आपल्यावर फुकट पडतो. सूझांच्या देवीचे व्रण त्यांनी भोगले होते. आपण काडीनं थेंब टाकून ते तीन तासांत आणायचे आणि संध्याकाळी धुऊन टाकायचे, हे मला पटत नाही. शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेत आणि यात फरक काय? हे वाद घालायला विचारत नाही, खरंच समजून घ्यायचंय.

---

ओंवळ

@माडाची_सावली, रागावले नाही. हा प्रश्न मीही सहाही रविवारी स्वतःला विचारला.

वेशभूषा स्पर्धेत लांबून ओळखता आलं की काम झालं. टिळक म्हटलं की पगडी, फ्रिडा म्हटलं की फुलं. इथे उलटं होतं. जसजशी जवळ गेले तसतशी ओळखीची खूण निरुपयोगी होत गेली आणि अशा गोष्टी दिसायला लागल्या ज्या चित्र नुसतं बघून मला कधी दिसल्या नसत्या. एकच सांगते. त्या चित्रातल्या माणसाची मान मी खुर्चीत बसून धरायचा प्रयत्न केला. कॉलर घट्ट, टाय वरपर्यंत ओढलेला, मानेत बाण. अशा वेळी माणूस मान खाली घालील किंवा मागे टाकील. हा माणूस मान सरळ ठेवून समोर बघतो. ते करताना खांदे आपोआप वर चढतात, श्वास छातीत वरच अडकतो. पाच मिनिटांच्या वर मला जमलं नाही. तेव्हा कळलं की सूझांनी वेदना काढलेली नाही. वेदना होत असताना सूट घालून चारचौघांत नीट बसावं लागतं, ते काढलंय. १९४९ साली त्यांच्या नग्न आत्मचित्रावरून मुंबईत अश्लीलतेचं वादळ उठलं, त्याच वर्षी हा माणूस लंडनला गेला. सहा वर्षांनी हे चित्र. परक्या शहरात कोट-टाय घालून बसलेला साळगावचा मुलगा.

हे मी पुस्तकात वाचलंही असतं. पण माझ्या खांद्यांना कळलं ते वेगळं.

संध्याकाळी धुऊन टाकते, हे मात्र खरं. त्याचं उत्तर माझ्याकडे आज नाही.

---

सुरंगी

मला वेगळंच खुपतंय. सूझांनी बायका कशा रंगवल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ओरबाडल्यासारख्या. रेषेची ताकद मान्य, पण त्या चित्रांसमोर उभी राहिले की मला माझं अंग आवळून घ्यावंसं वाटतं. मग एका बाईनं, आपल्याच गोव्यातल्या बाईनं, पाच महिने खर्चून त्याच माणसाचा कोट का घालावा?

आंजेला त्रिंदाद होत्या की. १९०९ चा जन्म, जे. जे.मध्ये शिकलेल्या, वडील आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद मूळचे सांग्याचे, तेही मोठे चित्रकार. आंजेलांनी मारिया माऊलीला साडी नेसवली, कपाळाला कुंकू लावलं, भारतीय चेहरा दिला. पुढे आपल्याच आडनावाचा अर्थ धरून त्रिकोणांची स्वतःची शैली काढली. फोंतेन्यशमध्ये फुंदासांव ओरियेंत या संस्थेत त्रिंदाद घराण्याची चित्रं आहेत, तुम्ही रोज जाता त्याच गल्लीच्या आसपास. त्यांचं नाव इथल्या किती जणांना माहीत आहे? वेष घ्यायचाच तर जिला विसरले तिचा घ्या. सूझांना तुमची गरज नाही.

---

मांडवीकाठ

सुरंगी, पूर्ण सहमत. फक्त एक म्हणेन: ज्यानं आपल्याकडे असं पाहिलं त्याच्या खुर्चीत बसून आपणच आपल्याकडे पाहणं, यातही एक हिशेब चुकता होतो. ओंवळनं ते मनात धरलं होतं की नाही, ती सांगेल.

---

ओंवळ

@सुरंगी, तुमचं म्हणणं मनाला लागलं. आंजेलांची चित्रं फोंतेन्यशमध्ये पाहिली आहेत. साडीतली मारिया माऊली बघताना मला आमच्या वाड्यावरची पोर कडेवर घेऊन नळावर उभी असलेली बाई आठवते. तो फोटो करायचा असेल तर कोट उसना आणून भागणार नाही, आधी पुष्कळ बसावं लागेल. पण करीन. हे शब्द इथे लिहून ठेवते म्हणजे मागे फिरता येणार नाही.

@मांडवीकाठ, सुरुवातीला हिशेब वगैरे डोक्यात नव्हता. पण दाढी न करता आलेल्या सावलीसाठी गालावर पावडर थापली, टाय बांधला, आणि लेन्सकडे बघितलं तेव्हा पलीकडे कोण बसलंय असं क्षणभर वाटून गेलं. पलीकडे मीच होते. त्या नजरेनं मला कुणी बघितलं तर कसं वाटेल, ते दोन्ही बाजूंनी कळलं. ती फ्रेम निवडलेली नाही, पण पुसलेलीही नाही.

---

लाटेवर

कोचीच्या बिएनालेत २०१४ साली कलावंत पुष्पमाला एन. यांचा ‘वास्को द गामाचं आगमन’ हा फोटो पाहिला होता. पोर्तुगीज चित्रकार व्हेलोझो साल्गादोनं १८९८ मध्ये, गामा आल्याला चारशे वर्षं झाली तेव्हा, कालिकतच्या सामुतिरी राजाच्या दरबारातल्या गामाचं भव्य चित्र काढलं होतं. पुष्पमालांनी तो सगळा दरबार रंगवलेले पडदे आणि भाड्याचे पोशाख घेऊन नाटकासारखा उभा केला, आणि गामा झाल्या स्वतः. मी वास्को शहरात वाढलेला माणूस. ज्याच्या नावाचा पत्ता आयुष्यभर लिहिला तो गामा एका बंगळूरच्या बाईच्या चेहऱ्यानं छाती काढून उभा! बराच वेळ तिथून हललो नाही. त्याआधी २००० ते २००४ मध्ये क्लेअर आर्नींबरोबर त्यांनी ‘नेटिव्ह वुमेन ऑफ साउथ इंडिया’ केलं, त्यात रविवर्म्यांच्या चित्रांतल्या बायकाही त्या झाल्यात.

त्यांच्याकडेही पडद्याची घडी दिसते, मुकुटाचा पुठ्ठा दिसतो. तेव्हा दोरा ठेवाच.

---

डिचोलीचा_पाऊस

अमृता शेरगिल राहिल्या की. १९३४ मध्ये त्यांनी स्वतःला ताहितीची बाई म्हणून रंगवलं, फ्रेंच चित्रकार गोगँच्या चित्रांतल्या बायका जशा असतात तशी. म्हणजे गोगँ ज्यांना बघायचा त्यांच्या जागी स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचे वडील उमरावसिंग स्वतःचे फोटो काढण्यात रमलेले, आणि भाचा विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये त्याच घरच्या फोटोंचे तुकडे जोडून ‘रीटेक ऑफ अमृता’ केलं. एकाच घरात तीन पिढ्या हाच खेळ. सुरंगीताईंच्या मुद्द्याला हे जवळचं वाटलं म्हणून.

---

रंगपेटी

नमस्कार. मी फोंडा महालातला. जत्रेतल्या नाटकांना पस्तीस वर्षं रंगभूषा करतोय. आधी बाबांच्या हाताखाली, आता एकटा. इथे वाचत असतो, लिहितो कमी.

मुली, कोलोडियन जपून वापर. कातडी फाटते. रोज लावायचं नाही, आणि डोळ्यांच्या जवळ अजिबात नाही. काढताना ओढायचं नाही, आधी तेल चोळायचं. मेणाच्या कडा स्पिरिट गमनं, म्हणजे रंगभूषेच्या डिंकानं, बसवल्या असत्या तर उन्हात सुटल्या नसत्या. उजव्या गालावरचा बाण जरा सुटलेला वाटतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू निवडलेली फ्रेम वर टाकली आहेस ती मोठी करून पाहिली. नाटकात कुणाला देवीचे व्रण हवे असले की पोरं आज गालावर चार ठिपके काढतात आणि मोकळी होतात. ज्यानं खरा चेहरा पाहिलाय तो तसं करत नाही. देवी कपाळावर दाट असायच्या, नाकाच्या शेंड्यावर, वरच्या ओठाशी. एकमेकांत मिसळलेल्या. तू नाकाच्या शेंड्यावर दोन खड्डे एकमेकांना जोडलेत आणि डावी भुवई एका जागी तोडलीस. हे चित्रावरून घेतलेलं नाही. फोटोवरूनही नसावं. हा कुणाचा तरी चेहरा आहे. कुणाचा?

---

ओंवळ

काका, दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही.

आजीचा आहे. आईच्या आईचा.

तिला लहानपणी देवी आल्या होत्या. डावी भुवई मध्येच तुटलेली होती. मी तिच्या मांडीवर झोपायचे तेव्हा त्या तुटलेल्या जागी बोट ठेवायचे, ती म्हणायची, तिथे देवीनं पाऊल ठेवलं होतं. फोटो काढायची वेळ आली की ती उठून न्हाणीकडे जायची. लग्नांच्या सगळ्या आल्बमांत तिचा पदर आहे, पाठ आहे, वाढायला वाकलेली आहे. तोंड नाही.

एकच फोटो आहे, पासपोर्ट आकाराचा, कुठल्या तरी कागदपत्रासाठी काढलेला. त्यात तिचा चेहरा स्वच्छ, गोल, बाहुलीसारखा. भुवई अखंड. लहानपणी मला वाटायचं ही दुसरीच कोणी. पुढे मी फोटोग्राफी शिकले तेव्हा कळलं, जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलनं रिटचिंग करायचे. निगेटिव्हमध्ये पारदर्शक राहिलेली जागा पेन्सिलनं भरली की प्रिंटमध्ये तिथला डाग उजळून जातो. बारीक टिंब टिंब करत एकेक व्रण भरून काढायचे. कुणीतरी माझ्या आजीच्या तोंडावर असं बसून काम केलं होतं, तेही प्रेमानंच केलं असेल. आणि आता म्हापशातल्या त्या मुलानं.

मी खरंच सूझांचे व्रण काढायला बसले होते. काडी हातात घेतली आणि हात भुवईकडे गेला. मुद्दाम नाही. सहाव्या रविवारी आरशात बघितलं तेव्हा दिसलं. इथे लिहिलं नाही, कारण मग फोटो सूझांचा राहतो की नाही याची मला भीती वाटली.

@माडाची_सावली, संध्याकाळी धुऊन टाकते म्हणालात ना. तेलानं पुसताना आई शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, पण डावी भुवई तिनं स्वतः पुसली.

---

माडाची_सावली

ओंवळ, माझा प्रश्न मागे घेत नाही, तो इतरांसाठी आहे. तुमच्यासाठी उरला नाही.

---

उजेडवेडा

मीही काल घरातले जुने फोटो काढून बसलो. आत्याच्या लग्नातल्या फोटोच्या मागे निगेटिव्ह होती. उजेडाकडे तिरकी धरली की पेन्सिलीचा तुकतुकीत थर दिसतो. गालावर, गळ्याखाली. तिथे काय होतं ते विचारायला आता कुणी नाही.

प्रिंटबद्दल कामाचं: लॅबला देताना फाइलबरोबर ‘नो करेक्शन’ असं लिहून द्या, तोंडीही सांगा, आणि आधी छोटी टेस्ट प्रिंट मागा. मॅट कागद घ्या. चकचकीत कागदावर व्रणांच्या खड्ड्यातली सावली मरते.

---

कायदेकानू

रसभंग होईल पण सांगणं गरजेचं आहे. मी मडगावला वकिली करतो. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून. सूझा २००२ मध्ये गेले, म्हणजे २०६२ अखेरपर्यंत हक्क वारसांकडे. मोरिमुरांना व्हॅन गॉगच्या बाबतीत ही अडचण नव्हती. तुमचा फोटो चित्राची नक्कल ठरतो की स्वतंत्र कलाकृती, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. इथे चर्चेला टाकलात ते वेगळं. प्रदर्शनात विकायला ठेवणार असाल तर आधी वारसांची लेखी परवानगी घ्या. शीर्षकात चित्राचं आणि सूझांचं नाव स्पष्ट द्या. कागदपत्र करताना मदत लागली तर निरोप करा, पैसे नकोत.

---

सुरंगी

मी वर जे लिहिलं ते सूझांबद्दल अजून तसंच वाटतं. पण हा फोटो मी सूझांचा समजून बघत होते. आता पुन्हा बघितला. तो कोट आहे त्यांचा, बाणही त्यांचे. तोंड मात्र अशा बाईचं जी फोटोच्या वेळी उठून न्हाणीत जायची. ती इथे सरळ समोर बघतेय. ओंवळ, आजींना माझा नमस्कार.

---

रंगपेटी

माझ्या प्रश्नानं दुखावलं असेल तर माफ कर मुली. पेटीत चांगल्या प्रतीचं मेण आहे, फोंड्याला आलीस की घेऊन जा. आंजेलाबाईंच्या वेळी कुंकू मी लावून देईन.

---

ओंवळ

काका, माफी कसली. येते पुढच्या रविवारी.

@कायदेकानू, आभार. विकणार नाही. तरी परवानगीचं पत्र लिहायला घेते, तुम्हाला दाखवीन.

आज लॅबमधून नवी प्रिंट आणली, मॅट. त्याच मुलाकडून. त्याला आधीची आणि ही शेजारी ठेवून दाखवली, भुवई दाखवली. त्यानं टेस्ट प्रिंट दोनदा काढून दिली आणि दोन्ही वेळा भिंग लावून स्वतः तपासलं.

दोरा ठेवलाय. घरी आल्यावर प्रिंट आईच्या मशीनवर टेकवून उभी केली. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “खांदो देंवला गो. काड तो कोट, हाड हांगा.” खांदा उतरलाय म्हणे. तिला तेवढंच दिसलं, किंवा तेवढंच बोलायचं होतं. कोट दिला. आत्ता हे लिहितेय तेव्हा ती दाराशी बसून कच्चे टाके ओढतेय. पांढरा दोरा तुटू न देता बोटाला गुंडाळत चाललीय, परत वापरायला. कोट पुन्हा आंटीच्या नवऱ्याच्या मापाचा झालाय. उद्या इस्त्री करून नेऊन द्यायचा आहे.